चोरटी हवा

एल आल्तो. समुद्रापासून चार हजार मीटर वर.
इथे हवाच मुळात अर्धपोटी.
पाणी लवकर उकळतं, बटाटे उशिरा शिजतात,
आणि खालून आलेला पाहुणा
तिसऱ्या पायरीवर बोलणं अर्धवट सोडतो.

अशा गावात एखादं इंजिन
जास्त हवा खाऊन आजारी पडावं
याचं सेवेराला हसू आलं.
मग काट्याकडे बघितलं तेव्हा थांबलं.
काटा वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर,
झोपेत कुणी जिना चढावा तसा.
मिनीबस जागच्या जागी थरथरत होती
आणि काचेमागचा प्लास्टिकचा कुत्रा
मान डोलवत होता, हो, हो, हो.

इंजेक्टरची सीलं कालच बदललेली.
मीच बदललेली.
चार इंजेक्टर, आठ रबरी कडी.
बसवण्याआधी कड्याला तेलाचा थेंब लावायचा असतो.
दोन इंजेक्टरांना लावला.
तिसऱ्याच्या वेळी अंधारून आलं होतं,
बोटं गारठली होती
आणि डबी बाकाच्या त्या टोकाला होती.

हे मी कुणाला सांगितलं नाही.

माएस्त्रो एफ्राईनने नळीचं एक टोक कानात घातलं,
दुसरं मॅनिफोल्डवरून फिरवलं.
मग नळी माझ्या हातात दिली.
‘मला माझ्याच छातीतली शिट्टी ऐकू येते, देल्फिना.’
बावीस वर्षं कथिलाच्या खाणीत होता तो.
दगडाची धूळ त्याने अजून बाहेर सोडलेली नाही.

मलाही नीट कळेना. सगळीकडेच सुसकारे.
तेव्हा त्याने इंजिन बंद करायला लावलं,
थ्रॉटलच्या तोंडावर हातमोजा ताणून बांधला,
कपाटातून एक जाड चिरूट काढला.
पेटवून दिला, स्वतः ओढला नाही.
‘दम तू मार. आणि आत सोड.’

पहिल्या झुरक्याला मी खोकून खोकून वाकले.
दुसरा गेला. तिसरा गेला.
इंजिन सगळा धूर गिळून गप्प बसलं,
मीही.
मग तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी
एक निळसर दोरा उभा राहिला,
शिवणीतून सुटलेला असावा तितका बारीक.

एफ्राईनने दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
दम दिला नाही.
बाकाच्या त्या टोकाची तेलाची डबी
उचलून माझ्या कोपराशी ठेवली, बस.

रेल पुन्हा उतरवली. कड्याला चावा पडला होता,
उंदराने ओठ लावावा एवढा.
नवं कडं, एक थेंब,
अंगठ्याने हलके फिरवत, न ढकलता,
ते आपणहून जागेवर गेलं.

काटा स्थिरावला. जवळजवळ.
कुत्रा अजून ‘हो’ म्हणत होता, पण शंकेने.

पुन्हा चिरूट. या वेळी धूर मागून निघाला,
ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या होजच्या वळणातून,
जिथे माझा हात कधीच लागला नव्हता.
जुनी भेग. उन्हाने, थंडीने, वर्षांनी पाडलेली.
मला वाईट आनंद झाला.

‘म्हणजे ब्रेक त्यामुळे?’ सेवेरा म्हणाली.
‘तीन वर्षं पेडल जड लागतंय.
मी समजत होते, पाय म्हातारा झाला.’
आणि स्वतःच्या गुडघ्याला तिने थोपटलं,
उगाच शिव्या खाल्लेल्या खेचराला थोपटावं तसं.

नवी होज, दोन क्लिपा.
कुत्रा थांबला.
सेवेरा ला पाझकडे उतारावर निघून गेली,
पैसे देऊन, वर दोन उकडलेली कणसं ठेवून.

एफ्राईनने चिरुटाचं थोटूक चिमटून विझवलं,
सदऱ्याच्या खिशात घातलं
आणि बाकावर बसल्या बसल्याच डोळे मिटले.

नळी गुंडाळता गुंडाळता मी सहज कानाशी धरली.
रस्ता ऐकू आला, तारेवरून सरकणारे पाळणे,
कुठेतरी ग्राइंडर.

त्याच्या दिशेला
टोक वळवलं नाही.